अर्थ नसलेला शब्द

५ जानेवारी

वन्सं,

फोन तुम्ही उचलत नाही. म्हणजे माझा उचलत नाही. तुमच्या भावाचा लगेच उचलता हे मला ठाऊक आहे, कारण तो स्वयंपाकघरात उभा राहून बोलतो आणि आपलं स्वयंपाकघर केवढं आहे ते तुम्ही जाणता. म्हणून आता पत्र. फोन कापता येतो. पत्र फार तर न उघडता ठेवता येतं, आणि आलेलं पाकीट न उघडता ठेवण्याचा धीर तुमच्यात नाही. राग नाकावर असला तरी उत्सुकता त्याच्याही पुढे असते तुमची.

आधीच सांगते, हे माफीचं पत्र नव्हे. ऑक्टोबरातल्या त्या बैठकीत मी जे बोलले ते आज विचारलं तर आजही बोलेन. तुम्ही शिक्षकांना शिकवणाऱ्या, मी पहिलीच्या वर्गावरची साधी बाई, पण मुलं कुठल्या पद्धतीने वाचायला शिकतात ते तपासणाऱ्या एकाच अभ्यासाला दोघींनी मान डोलावली होती की नाही? चिठ्ठ्या टाकल्या गेल्या तेव्हा आपण शेजारी बसलो होतो. निम्म्या शाळांना तुमची पद्धत आली: चित्र पाहा, गोष्ट समजून घ्या, त्यावरून शब्द ओळखा. निम्म्यांना दुसरी: अक्षराचा आवाज शिका, आवाज जोडा, शब्द आपोआप हाती येतो. माझी शाळा दुसऱ्या ढिगात गेली. त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात आणि म्हणालात, "वहिनी, आता एका घरात दोन पक्ष. मधल्या मध्ये माझ्या भावाची मतं बाद होणार." किती हसलो होतो आपण.

मग निकाल लागला. मुलांची परीक्षा घेणाऱ्यांना कुठला वर्ग कुठल्या पद्धतीचा हे माहीतही नव्हतं, तरी आवाज जोडायला शिकलेली मुलं नवे शब्द वाचण्यात पुढे निघाली. थोडीथोडकी नाही, चांगली पुढे. आणि ज्या मुलांचं घोडं सगळ्यात जास्त अडत होतं, त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. अभ्यासवाल्या बाईंनी मला उभं केलं आणि वर्गाचा अनुभव सांगा म्हणाल्या. मी म्हटलं, अंदाज करणं म्हणजे वाचणं नव्हे. एवढंच. तुमचं नाव घेतलं नाही, तुमच्याकडे पाहिलंही नाही.

तुम्ही मात्र उठलात. आवाज जोडता येतात का ते बघायला त्या परीक्षेत घातलेल्या बनावट शब्दांची यादी हातात धरून, 'टोमक', 'बिसूल' असले शब्द मोठ्याने वाचून तुम्ही विचारलंत, "ज्या शब्दाला अर्थच नाही, तो वाचून मुलाच्या हाती काय लागतं?" उत्तराला थांबला नाहीत. पर्स उचलली आणि गेलात. महिनाभरात बदली मागून दुसऱ्या शहरात. तुमच्या घरात घालायच्या चपला अजून आमच्या दारामागे आहेत. केर काढताना मी त्या बाजूला करते आणि परत तिथेच ठेवते.

आता लिहिण्याचं कारण. माझ्या माहितीतली एक मुलगी आहे. पहिलीत. तुम्ही लिहिलेलं 'टोपी कुठे गेली?' हे पुस्तक ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत घडाघडा वाचते, बोट ओळीखालून फिरवत, आवाजात चढउतार घेत. बघणारा खूश होतो. पण तिला वाचता येत नाही. अशा मुलीचं काय करावं? सल्ला विचारते आहे. टोमणा नाही.

तुमची वहिनी


१९ जानेवारी

वन्सं,

उत्तर नाही आलं. तुमच्या भावाने फोनवर विचारलं तेव्हा म्हणालात म्हणे, "पत्र मिळालं." टपालखातं तरी चालू आहे म्हणायचं.

त्या पत्रात मी लपवाछपवी केली. 'माझ्या माहितीतली एक मुलगी' असं लिहिलं. वन्सं, ती आपली आहे. तुमची भाची.

तुम्ही हे वाचून पत्र खाली ठेवलं असेल. पुन्हा उचला.

तिची शाळा चिठ्ठीत तुमच्या बाजूला गेली होती आणि तिथे अजून तीच पद्धत चालू आहे. मला काळजी वाटली नाही, कारण घरी ती वाचत होती. दिवसभर माझ्या वर्गात दुसऱ्यांच्या मुलांपुढे आवाज जोडून जोडून घसा बसायचा, आणि घरी आलं की ही आपली आयती वाचणारी. तुम्ही तिला मांडीवर घेऊन ती पुस्तकं इतक्या वेळा वाचली होती की चित्र बघून ती तिला पाठ म्हणता यायची. आणि पाठ असणं आणि वाचणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. मला, या धंद्यातल्या बाईला, कळलं नाही. हसायचं असेल तर हसा.

कळलं ते तुमच्या पुस्तकामुळेच. नाताळच्या सुट्टीआधी शाळेत त्याची नवी आवृत्ती आली. चित्रकार बदललेला दिसतो. 'टोपी टेबलाखाली आहे का?' या पानावर नव्या माणसाने टेबल काढायचं सोडून खुर्ची काढली आहे. मजकूर जुनाच. मी पोळ्या लाटत होते आणि ही समोर बसून वाचत होती: "टोपी खुर्चीखाली आहे का?" म्हटलं, नीट बघ. तिने चित्राकडे नीट बघितलं. अक्षरांकडे नाही, चित्राकडे. "खुर्चीखाली," ती म्हणाली. मी पिठाच्या हातानेच चित्र झाकलं. म्हटलं, आता वाच.

ती माझ्या तोंडाकडे बघू लागली. माझ्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का ते शोधत होती. मग म्हणाली, "आई, हात काढ ना."

वन्सं, मी गॅस बंद केला.

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवली. वाचनाच्या तासाच्या दिवशी तिचं पोट दुखतं. बाईंनी वाचायला सांगितलं की ती पाणी प्यायला जाते. शेजारच्या मुलीने वाचलेलं कानात साठवते आणि पाठोपाठ म्हणते, एवढी हुशार आहे. आणि स्वतःला 'ढ' समजते. हे सगळं तिने कुणाला सांगितलं नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आत्याला कळलं असतं."

तुम्ही प्रत्येक प्रशिक्षणात तिचं ते वाचतानाचं चित्रण दाखवता. साडेचार वर्षांची, केस विस्कटलेले, घडाघडा. ते तिला माहीत आहे, तुम्हीच कौतुकाने सांगितलं होतंत. आता ऐका. काल रात्री कूस बदलत तिने मला विचारलं, "आत्या येत नाही कारण तिला कळलं ना, मला वाचता येत नाही ते?"

मी म्हटलं, छे गं, आत्याला काम आहे. तिने विश्वास ठेवला नाही. चेहरे वाचण्यात ती तरबेज आहे, तेच तर शिकली आहे.

माझ्याशी बोलू नका. पण तिला दोन ओळी लिहा. तुमची अक्षरं, तिच्या नावाने. चित्र न काढता.

वहिनी


१६ फेब्रुवारी

वन्सं,

अजून काही नाही. टपालपेटी उघडायला ती माझ्याआधी धावते, विजेच्या बिलावरसुद्धा हात फिरवून बघते. मी तिला सांगितलेलं नाही की तुम्हाला लिहायला सांगितलं आहे, पण माझ्या टेबलावर पाकिटं बघून तिने ताडलं असावं. आज मला तुमचा राग आला आहे, तो आधी नोंदवते. मोठ्या माणसांनी मोठ्यांवर रुसावं. सहा वर्षांच्या पोरीला मधे घेऊ नये.

झालं. आता बातमी.

आम्ही रोज संध्याकाळी थोडा वेळ बसतो. पुस्तक नाही, चित्र नाही, नुसती पाटी. पहिल्याच दिवशी काय झालं सांगते, तुम्ही माझ्यावर हसाल आणि हसायचा हक्क तुम्हाला आहे. मी 'बस' लिहिलं. तिने बराच वेळ बघितलं आणि अगदी खात्रीने वाचलं, "बदक-ससा."

माझ्या वर्गातही दरवर्षी दोनचार पोरं हेच करतात. भिंतीवरच्या तक्त्यावर ब बदकाचा, स सशाचा. त्या बिचाऱ्यांना वाटतं 'ब' या आकाराचं नावच बदक. तेव्हा आमच्या बाजूने सगळं शहाणपण आहे असं समजू नका. बदक-ससा घोकून घेणारी शाळा आणि चित्रावरून ओळखायला लावणारी शाळा, दोन्ही मुलाला अक्षरापासून लांबच ठेवतात. एक पोपटपंची शिकवते, दुसरी अटकळ. आम्ही बदकाला सुट्टी दिली. नुसता ब. नुसता स. दोन आवाज जवळ आणायचे, आणखी जवळ, मग चिकटवायचे. "ब... स... बस! बस?" आणि उठून उभी राहिली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "तूच लिहिलंस ना बस म्हणून." 'पुरे, आता ऊठ' असा माझा हुकूमच वाटला तिला. मला हसू आवरेना आणि ती रागाने लाल. मग तिला कळलं की तिने माझं लिहिलेलं ऐकलं होतं, मी तोंड न उघडता. पुन्हा खाली बसली आणि हळूच म्हणाली, "अजून एक लिही."

काना पटकन आला. घोडं अडलं पहिल्या वेलांटीशी. ती उभी राहते अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. 'कि' लिहिलं की ती आधी 'इ' म्हणायची, मग 'क', आणि गोंधळून माझ्याकडे बघायची. इतकी वर्षं शिकवते आहे, पण मुलाच्या बाजूने ही किती मोठी फसवणूक आहे ते मला घरी बसून कळलं. मी समजावून थकले. शेवटी तिनेच तोडगा काढला. म्हणाली, "ही रांगेत पुढे घुसते, पण बोलायची पाळी नंतर येते." तेव्हापासून तिचं नाव घुसखोर. माझ्या वर्गातही मी तेच नाव लावलं आहे, आणि मुलं आता घुसखोर दिसला की आवाज करतात.

अभ्यासवाल्या बाई परवा शाळेत आल्या होत्या. तुमची विचारपूस केली. मी त्यांना विचारलं ते तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर मी एकतर्फी ठरेन. मी म्हटलं, माझ्या वर्गातली काही मुलं फटाफट वाचतात, पण काय वाचलं विचारलं की आढ्याकडे बघतात. त्या म्हणाल्या, अहो, आकड्यांतही ते आहे, बैठकीत तिथवर पोचलोच नाही. आवाज शिकवल्याने शब्द वाचता येतो, समजतं असं नाही. ज्या वर्गांत बाई आवाजही शिकवत होत्या आणि रोज गोष्टही वाचून दाखवत होत्या, ती मुलं समजण्यातही पुढे होती. म्हणजे तुम्ही मांडीवर बसवून वाचलेलं पाण्यात गेलेलं नाही. 'अडगळ', 'हिरमुसली', 'कानोसा' हे शब्द वाचता येताक्षणी तिला कळतात, कारण ते तुमच्या तोंडून तिच्या कानात आधीच जाऊन बसले आहेत. माझ्या वर्गातल्या पोरांना ते वाचता येतात आणि कळत नाहीत. मी तुमचीच पुस्तकं वर्गात वाचायला सुरुवात केली आहे, डबा खायच्या सुट्टीनंतर. हे मी कुणाच्या भिडेने करत नाही. पटलं म्हणून करते.

बैठकीत थांबला असतात तर हे तिथेच ऐकलं असतंत. पण तुम्हाला पर्स उचलायची घाई.

वहिनी


९ मार्च

वन्सं,

आजचं पत्र मी लिहीत नाही, लिहून घेते आहे. ती समोर बसली आहे आणि मी एक शब्द गाळला तर कळेल असा तिने दम दिला आहे. तिचं म्हणणं असं:

"आत्या, तुझ्या टोपीच्या पुस्तकात चूक आहे. तिथे टेबलाखाली लिहिलंय आणि चित्रात खुर्ची काढलीय. मला आधी दिसली नव्हती. आता दिसली. बाईंना दाखवली तर बाई म्हणाल्या अय्या खरंच की. कुणालाच दिसली नव्हती. मी रागावले नाहीये. तू चित्रवाल्याला सांग."

मी विचारलं, आणखी काही? जरा वेळ पेन्सिल चावली, मग म्हणाली, "सांग की आता मी हात काढ म्हणत नाही."

हे शेवटचं तुम्हाला कळेल ना? जानेवारीतल्या पत्रात लिहिलं आहे, पिठाच्या हाताचं.

ती खेळायला गेली, आता माझं थोडं. ती अजून अडखळते. र-ट-फ करत वाचते, जोडाक्षर आलं की थबकते. तुम्ही दाखवता त्या चित्रणातली घडाघडा वाचणारी पोर आता कुठे दिसत नाही. बघणाऱ्याला वाटेल ही मागे गेली. पण आता ती अडते ती अक्षराशी अडते, आणि सुटते तीही स्वतःच सुटते. पोट दुखायचं थांबलं आहे. बाईंनी वाचायला सांगितलं की पाणी प्यायला जात नाही.

फक्त एक गोष्ट सुटलेली नाही. काल 'मला वाचता येतं हे आत्याला कळलं तर ती येईल ना?' असं विचारलं. मी म्हटलं, तू वाचतेस म्हणून कुणी येत नसतं आणि वाचत नाहीस म्हणून कुणी जात नसतं. बोलायला फार छान वाक्य. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती का नाही येत?"

आता मी काय सांगू? आत्या आणि आई एका परीक्षेवरून भांडल्या म्हणून? खरं तर तेच आहे, आणि पोरीपुढे ते उच्चारायचीही मला लाज वाटली.

तुमच्या त्या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. अर्थ नसलेला शब्द वाचून हाती काय लागतं? बैठकीत मला उत्तर सुचलं नव्हतं, हे मान्य. आता एवढंच सुचतं की मुलाला प्रत्येक शब्द आधी एकदा अर्थाशिवायच भेटतो. पण हेही उत्तर पुस्तकी वाटतं. तुम्ही ते चुटकीसरशी उडवून लावाल, आणि मला पुन्हा काही सुचणार नाही.

आज ती अंघोळीला जाताना मी तुमच्या हाकेने तिला हाक मारून बघितली. ती जन्मली त्या दिवशी तिला हातात घेतल्यावर तुमच्या तोंडून जे काहीतरी निघालं, ज्याला ना अर्थ ना आगापिछा, ते. तुमच्या भावाने तेव्हा विचारलं होतं की हे काय नाव आहे, आणि तुम्ही म्हणाला होतात, "मला काय माहीत? हिच्याकडे बघून आलं." सहा वर्षांत ते तुमच्याशिवाय कुणी वापरलेलं नाही आणि कुठे लिहिलेलं नाही. मी हाक मारली तर ती दारात थबकली आणि म्हणाली, "ते आत्याचं आहे. तू नको म्हणू."

म्हणून इथेही लिहीत नाही.

वहिनी


२ एप्रिल

वन्सं,

घाईत लिहिते आहे, पेन धड चालत नाही.

दुपारी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. हातात पाकीट. दोन दिवस ते त्यांच्याकडेच पडून होतं म्हणे, टपालवाल्याने चुकून त्यांच्या पेटीत टाकलं होतं. दारातूनच विचारू लागल्या, "तुमच्याकडे कुणी झुंबर राहतं का हो?"

मी म्हटलं, झुंबर? नाही हो.

"बघा बाई. झ वरूनच काहीतरी आहे. झुंबरच असणार, दुसरं काय असणार? घर तुमचं लिहिलंय म्हणून आणलं, नाहीतर परत पाठवणार होते."

तुमचा भाऊ आतून म्हणाला, चुकीचं आलं असेल, देऊन टाक परत. आणि मी खरंच हात पुढे केला नव्हता. पण ती माझ्या काखेखालून पुढे घुसली, घुसखोरासारखी, आणि पाकीट घेतलं. उंबऱ्यावरच बसली. बोट ठेवलं. काकूंनी मदत करायला तोंड उघडलं, तर मी त्यांचा हात दाबला. तेवढा जोरात दाबायला नको होता.

"झ," ती म्हणाली. मग थांबली, घुसखोराकडे बघितलं. "झि." मग "झि... बु." काकू मला खुणेने विचारत होत्या, काय आहे, काय आहे? तिला काहीच माहीत नव्हतं. चित्र नव्हतं, गोष्ट नव्हती. माझ्या तोंडाकडे तिने एकदाही बघितलं नाही. "झिबु... ट." मला तोवर कळलं होतं आणि मी तोंडावर हात ठेवून उभी होते. "झिबुट... ली."

एकदा पुन्हा सगळं मिळून म्हटलं, "झिबुटली." नुसता आवाज, जसा तुमच्या त्या यादीतला एखादा शब्द म्हणावा तसा. आणि मग ते तिच्या स्वतःच्याच कानावर पडलं. मान वर केली. तिचा चेहरा, वन्सं, तुम्ही इथे असायला हवं होतं.

"आई," ती म्हणाली, "ही मी आहे."

काकू अजूनही म्हणत होत्या, म्हणजे झुंबर नाही का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नव्हतं. तुम्ही ते पाकिटावरच लिहून पाठवलंत. मुद्दाम लिहिलंत की हाताने सवयीने लिहिलं, ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. तुमच्या भावाने चपला दारामागून काढून पुसून ठेवल्या आहेत. त्यालाही मी काही विचारलं नाही.

पाकीट आम्ही उघडलेलं नाही. तिने उघडू दिलं नाही. "माझं आहे, मी एकटी वाचणार" असं म्हणून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तासभर झाला. मधून मधून आवाज येतो, अर्धा शब्द, मग शांतता, मग तोच शब्द पुन्हा पूर्ण. एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा मी दारापाशी जाऊन विचारलं, अडलं का गं? आतून उत्तर आलं, "सांगू नकोस!"

तेव्हा आत तुम्ही काय लिहिलं आहे, येताय की नाही, याचा तुमचा भाऊ आणि मी बाहेर बसून नुसता अंदाज करतो आहोत.

वहिनी